भिंतींतील ओल आणि घरांतील माणूस

आपल्या घरांतून आरोग्याची काळजी घेतली जात नाहीं असें कोणीहि म्हणणार नाहीं. पिण्याचें पाणी गाळून घेतलें जातें, शिळें अन्न मुलांना दिलें जात नाहीं, बाहेरून आलेला माणूस पाय धुतल्यावांचून आंत येत नाहीं. परंतु याच घराच्या एखाद्या कोपऱ्यांत भिंतीला काळा-हिरवा डाग पडला, पोपडे सुटूं लागले आणि कुबट वास येऊं लागला, म्हणजे आपली दृष्टि एकाएकीं बदलते. ‘पावसाळा आहे, असें व्हावयाचेंच,’ एवढें म्हणून आपण पुढें जातों; आणि दसरा-दिवाळी जवळ आली कीं त्या डागावर रंगाचा हात फिरवून मोकळे होतों. ओल ही घराच्या शोभेची बाब आहे, आरोग्याची नव्हे, ही समजूत आपल्यांत चांगलीच रुजली आहे. ती किती महाग पडते, आणि घरांतील नेमकी कोणाला महाग पडते, हें दाखवावें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

विचार हवेंत राहूं नये म्हणून आम्ही एक गांव डोळ्यांपुढें ठेवतों. वर्धा शहराला लागून सावंगी (मेघे) हें गांव आहे. १९९० सालीं येथें जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें. त्याच्या जोडीला आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. अशी मोठी संस्था आली कीं तिच्या आसपास घरें वाढतात, विद्यार्थ्यांना भाड्यानें द्यावयाच्या खोल्या उठतात, आणि कालच्या शेताच्या जागीं आज वस्ती दिसूं लागते. विदर्भाचा उन्हाळा ज्यानें सोसला आहे, त्याला अशा ठिकाणीं ओलीची चर्चा करणें विनोदाचें वाटेल. ओल कोंकणांत असावी, मुंबईंत असावी. जेथें मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या पुढें जातो त्या वर्धा जिल्ह्यांत ओलीचें काय काम? पण नेमक्या याच समजुतीमुळें येथील घरें ओलीच्या बाबतींत बेसावध राहतात.

पहिली गोष्ट जमिनीची. हा कापसाचा मुलूख आहे, आणि कापूस पिकविणारी काळी माती घराच्या पायाला फारशी दयाळू नसते. ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यांत आटून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्या या वार्षिक श्वासोच्छ्वासाबरोबर पाया किंचित् वरखालीं होतो, भिंतींना बारीक चिरा जातात, आणि पुढच्या पावसाचें पाणी त्याच चिरांतून आंत शिरतें. शिवाय प्यालेलें पाणी ही माती लवकर सोडीत नाहीं. दुसरी गोष्ट पावसाची. वर्षाकाठीं सुमारें १००० मिलिमीटर पाऊस येथें पडतो, आणि त्यांतला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. वर्षाचें पाणी एकदम अंगावर घेतलेली भिंत वाळावयास वेळ मागते. तिसरी गोष्ट माणसानें स्वतः आणलेली आहे. तिच्याकडे आम्ही पुढें येऊं.

बुरशी म्हणजे काय हें प्रथम पाहिलें पाहिजे. ती वनस्पति नव्हे आणि प्राणीहि नव्हे. जीवसृष्टींत तिचें कुळच निराळें. तिचे बीजकण डोळ्यांना दिसत नाहींत, पण ते आपल्या अंगणांत, रस्त्यावर, देवघरांत, सर्वत्र हवेबरोबर हिंडत असतात. त्यांना हांकलून देणें कोणाच्याहि हातीं नाहीं. खाण्याच्या बाबतींतहि बुरशी फार सोशिक आहे. लांकूड, कागद, कापड, भिंतीचा रंग, नुसती सांचलेली धूळ, यांपैकीं कशावरहि तिचें भागतें. तिची अट एकच, ती पाण्याची. ओली झालेली वस्तु एक-दोन दिवसांत पुरती वाळली तर बुरशीला तेथें मूळ धरतां येत नाहीं. ओल राहिली तर तेथें तिची वसाहत झालीच म्हणून समजावें. म्हणून आम्ही असें म्हणतों कीं बुरशी हें लक्षण आहे, पाणी हा रोग आहे. आणि लक्षणावर रंग फांसून रोग बरा होत नाहीं.

हें पाणी घरांत तीन वाटांनीं येतें. एक जमिनींतून. वातीनें तेल वर चढावें त्याप्रमाणें विटांच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी भिंतींत वर चढतें. अशी ओल बहुधा जमिनीपासून गुडघ्या-कंबरेइतकी उंच असते, आणि तिच्या कडेला लोण्याची पांढरी पूड सुटते. दुसरी वाट आकाशांतून. गच्चीवर पाणी तुंबणें, कौल सरकणें, पन्हाळ फुटणें, पावसाच्या तोंडावरच्या भिंतीला चीर असणें, हीं तिचीं कारणें. हा डाग वरच्या कोपऱ्यांत दिसतो आणि पावसाच्या प्रत्येक झडीनंतर वाढतो. तिसरी वाट घरांतल्या घरांत आहे. स्वयंपाकाची वाफ, न्हाणीघरांतील कढत पाणी, आंत वाळत घातलेले कपडे, आणि बंद खोलींत निजलेल्या चार-सहा माणसांचा श्वास, या सर्वांचें पाणी हवेंत जातें आणि थंड भिंतीवर, कपाटाच्या मागें, गादीखालीं जाऊन बसतें.

ओल कोणत्या वाटेनें आली हें ओळखण्याची एक सोपी परीक्षा आहे. डागाच्या जागीं हातभर प्लास्टिकचा कागद चारी कडांनीं चिकटपट्टीनें घट्ट लावावा व एक-दोन दिवसांनीं पहावें. कागदाच्या भिंतीकडील अंगाला दंव दिसलें तर पाणी भिंतींतून येत आहे. खोलीकडील अंगाला दिसलें तर तें खोलींतील हवेंतलें आहे. गवंड्याला बोलावण्यापूर्वीं घरच्या माणसानें एवढें केलें तर पुष्कळ व्यर्थ खर्च वांचेल.

आतां ती तिसरी, माणसानें आणलेली गोष्ट. विदर्भांत कूलरवांचून उन्हाळा काढणें कठीण. कोरड्या हवेला पाणी पाजून ती गार करणें हें त्याचें काम. पूर्वीं दारांखिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपडीत, त्याचेंच हें यांत्रिक रूप. वैशाखांत हवा इतकी तहानलेली असते कीं तिनें प्यालेलें पाणी कोणाला बाधत नाहीं. परंतु मृगाचा पाऊस पडला, हवाच ओली झाली, म्हणजे कूलरला गारवा देतां येत नाहीं. तो फक्त खोलींत ओल भरतो. तरीहि संवयीनें तो आषाढापर्यंत चालूच राहतो, आणि गार हवा बाहेर जाऊं नये म्हणून समोरची खिडकीहि बंद असते. त्या खोलीच्या गाद्या चिकट लागतात, कपाटांतील वस्त्रांना वास येतो, आणि भिंतीवर टिपके उठतात. कूलरच्या टांकींत सांचलेल्या पाण्यावर डेंग्यूचा डांस वाढतो तो निराळाच. पाऊस स्थिरावला कीं कूलर बंद करावा, टांकी कोरडी करावी, ताट्या उन्हांत वाळवाव्या किंवा टांकून द्याव्या. या एका नियमानें वर्ध्याकडील घरांची निम्मी कटकट कमी होईल असें आम्हांस वाटतें.

प्रकृतीवर ओलीचा परिणाम काय होतो? जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागानें २००९ सालीं या विषयावर एक ग्रंथच प्रसिद्ध केला. ओल्या व बुरशी असलेल्या घरांत राहणाऱ्यांत खोकला, छातींत घरघर, श्वसनमार्गाचे संसर्ग आणि दमा हीं अधिक आढळतात, असा त्याचा निष्कर्ष आहे. बुरशी अमुक प्रमाणापर्यंत चालेल अशी मर्यादा त्यांनीं सांगितली नाहीं. ओल होऊंच देऊं नये, झाली तर दूर करावी, एवढाच उपाय सांगितला. यांत केवळ बुरशीचाच हात असतो असेंहि नव्हे. दमट हवेंत गाद्या-उशांतील सूक्ष्म किडे फार वाढतात, आणि त्यांच्या विष्ठेच्या कणांनीं शिंका व दमा उठतो. कापसाच्या गाद्यांवर पिढ्यान्‌पिढ्या निजणाऱ्या आपल्या लोकांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें. कांहीं दमेकऱ्यांच्या फुप्फुसांत ॲस्परजिलस नांवाच्या बुरशीची ॲलर्जी घर करते. तिचें छायाचित्र क्षयासारखें दिसतें, आणि क्षय समजून महिनोन्‌महिने औषध दिलें गेल्याचीं उदाहरणें आपल्या देशांत नमूद आहेत. पावसाळ्यांत दरवर्षीं वाढणारा आणि गांवाला गेलें कीं थांबणारा खोकला असेल, तर वैद्याला नाडीबरोबर घराचीहि हकीकत सांगावी.

येथें एक भ्रम दूर करणें अवश्य आहे. २०२१ सालीं कोरोनाच्या दुसऱ्या लाटेंत ‘काळी बुरशी’ हें नांव घरोघर झालें. महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं असे रोगी आढळले. सावंगीच्या रुग्णालयांतहि त्यांच्यावर उपचार झाले. मे २०२१ च्या अखेरीस वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेस या कारखान्यांत त्यावरील अँफोटेरिसिन-बी हें औषध तयार होऊं लागलें. त्या दिवसांत कांद्यावरची काळी पूड, शीतकपाटाच्या रबरावरचा काळा थर, भिंतीवरचा काळा डाग, हीं सगळीं एकच, अशी वार्ता पसरली व लोक घाबरून गेले. तें खरें नव्हे. त्या रोगाची बुरशी म्यूकर वर्गाची. तिचे कण मातींत व कुजणाऱ्या पाल्यांत नेहमींच असतात, आणि धडधाकट माणसाला त्यांचा उपद्रव होत नाहीं. रक्तांत साखर फार वाढलेली, वर स्टेरॉइड औषधांचा मारा झालेला, अशा दुबळ्या शरीरांत तिला वाट मिळाली. भिंतीवरच्या डागानें डोळा जाईल अशी धास्ती कोणी घेऊं नये. परंतु धास्ती नको म्हणून दुर्लक्षहि नको. आणि मधुमेही किंवा स्टेरॉइड घेणाऱ्या माणसानें बुरशीची भिंत स्वतः घांसूं नये, एवढें पथ्य त्यांतून घ्यावें.

दुर्लक्षाची किंमत काय असते याचें एक दुःखद उदाहरण इंग्लंडांतील आहे. रॉचडेल गांवीं अवाब इशाक नांवाचा मुलगा डिसेंबर २०२० मध्यें वारला. तेव्हां तो अवघा दोन वर्षांचा होता. तो जन्मला त्या भाड्याच्या घरांत बुरशी होती. त्याच्या बापानें २०१७ सालींच तक्रार केली, तेव्हां त्यावर रंग लावा असें उत्तर त्याला मिळालें. नोव्हेंबर २०२२ मध्यें मृत्यूची चौकशी पुरी झाली; घरांतील बुरशीच्या दीर्घ सहवासानें श्वसनाचा विकार जडून हा मृत्यु झाला असा निर्णय अधिकाऱ्यानें दिला. २०२३ सालीं तेथील कायद्यांत, घरमालकानें ओलीची दखल ठराविक मुदतींत घेतलीच पाहिजे, अशी तरतूद झाली. ती त्या मुलाच्या नांवानेंच ओळखली जाते. श्रीमंत देश, पक्कें घर, तक्रारहि केलेली. आणि तरी उत्तर काय, तर रंग लावा. हें उत्तर आपल्या घरांत कितीदां दिलें जातें याचा प्रत्येकानें विचार करावा.

आतां मुख्य मुद्दा. आमच्या मतें ओलीचा प्रश्न भिंतीचा जितका आहे तितकाच घरांतील वांटणीचा आहे. एकत्र कुटुंबांत खोल्यांची वांटणी कशी होते तें पहा. पुढची खोली उजेडाची व वाऱ्याची. ती पाहुण्यांसाठीं आणि कर्त्या मंडळींसाठीं. वरची खोली नव्या जोडप्यासाठीं. मग मोरीला लागून असलेली, जिची एकुलती खिडकी बोळांत उघडते, ती मागची खोली कोणाला? पूर्वीं ती बाळंतिणीला मिळे आणि घरांतील विधवा आत्याबाईंना मिळे. आज ती बहुधा थकलेल्या आजींना मिळते, किंवा कामाला राहणाऱ्या बाईला, किंवा दूरगांवाहून शिकावयास आलेल्या भाडेकरू मुलाला. म्हणजे ओलीनें ज्यांचें अधिकांत अधिक नुकसान व्हावयाचें, तींच माणसें आपण हातानें ओलींत नेऊन ठेवतों. दिवसाचे वीस तास खोलींत काढणारी आजी, आणि जगाचा पहिला श्वास घेणारें तान्हें मूल, यांना सर्वांत वाईट हवा. आणि दिवसभर कचेरींत असणाऱ्या माणसाला सर्वांत चांगली, हा न्याय कोणता?

बाळंतिणीच्या खोलीचें तर विशेष आहे. वारा लागूं नये म्हणून खिडक्या बंद, शेक-धुरीसाठीं शेगडी आंत, आणि पाऊस असला तर बाळाचीं धुतलेलीं दुपटीं त्याच खोलींत दोरीवर. माया अपार, पण हवा अशी कीं धडधाकट माणसालाहि घुसमटावें. आपल्या पूर्वजांची दृष्टि एवढी आंधळी नव्हती. चरकसंहितेच्या शारीरस्थानांत नववा महिना लागण्यापूर्वींच सूतिकागृह तयार करावें, त्याची भूमि चांगली निवडावी, दार पूर्वेला किंवा उत्तरेला असावें, असें सांगितलें आहे. तें मानाचें सूतिकागृह होतां होतां अंधारी कोपऱ्याची खोली केव्हां झालें, याचा शोध ज्यानें त्यानें आपल्या घरांत घ्यावा.

घर कसें असावें याचा एक धडा वर्ध्याजवळच आहे. १९३६ सालीं गांधीजी शेगांवांत, म्हणजे आजच्या सेवाग्रामांत, राहावयास आले. तेथील कुट्या मातीच्या भिंतींच्या. पण छप्पर उतरतें, कौलारू, आणि भिंतींना पावसापासून दूर ठेवणारी पुढें आलेली वळचण. सर्वांनीं मातीचीं घरें बांधावीं असें आमचें म्हणणें नाहीं. त्या घरांना दरवर्षींची डागडुजी लागते. परंतु त्यांतील तत्त्व पक्क्या घरालाहि लागू आहे. पाणी भिंतीपर्यंत येऊंच द्यावयाचें नाहीं, आणि आलेंच तर त्याला बाहेर जावयास वाट ठेवावयाची. माती व चुना हे पाणी घेतात तसें सोडतात. उलट जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा व त्यावर चकचकीत तैलरंग चढविला कीं आंतली ओल आंतच कोंडते, आणि दोन पावसाळ्यांत गिलाव्याचे तुकडे हातांत येतात.

ओल कोठीघरांतहि शिरते हें गृहिणींना सांगावयास नकोच. मात्र एक गोष्ट सांगणें जरूर आहे. दमट जागीं ठेवलेल्या शेंगदाण्यांवर, मक्यावर जी बुरशी चढते तिच्यापैकीं एका जातींत अफ्लाटॉक्सिन नांवाचें विष असतें, तें यकृताला मारक आहे. १९७४ सालीं गुजरात व राजस्थानांत बुरशी आलेला मका खाऊन शंभरांहून अधिक माणसें दगावलीं. भाजल्यानें वा शिजविल्यानें हें विष पुरतें जात नाहीं. तेव्हां ‘वरचें खरवडून घेतलें, आतां चालेल,’ ही काटकसर करूं नये. पोतीं भिंतीला न टेकतां, फळीवर, हात जाईल एवढें अंतर सोडून ठेवावीं.

आतां उपायांचा क्रम. प्रथम घराबाहेर जावें. जोत्याभोंवतीं पाणी सांचत असेल तर फरसबंदी करून उतार बाहेरच्या बाजूस द्यावा; काळ्या मातीला पायाशीं पाणी पिऊं देऊं नये. गच्चीचा उतार, पन्हाळ व मोरीचे सांधे ज्येष्ठांतच तपासावे. मग आंत यावें. स्वयंपाकघर व न्हाणीघर यांची वाफ बाहेर जाईल अशी खिडकी किंवा पंखा असावा. पलंग व कपाटें बाहेरच्या भिंतीपासून चार बोटें दूर सरकवावीं. सोवळ्याचें वस्त्र व बाळाचीं दुपटीं आंतच वाळविणें भाग पडलें, तर निजण्याच्या खोलींत न घालतां उघड्या खिडकीशीं, पंख्याखालीं घालावीं. गाद्या, पोथ्या, लोंकरी वस्त्रें यांना पाऊस ओसरतांच ऊन द्यावें. पोथीला पाण्यापासून राख म्हणून जुने लेखक विनवीत आले आहेत, तें उगाच नव्हे.

इतकें झाल्यावरच डागाकडे वळावें. नाकातोंडाला चांगला मुखवटा, हातांत रबरी मोजे, खिडक्या उघड्या. कोरडा ब्रश फिरवूं नये, त्यानें कण उडतात. साबणाच्या पाण्यानें घांसून पुसून घ्यावें व भिंत पुरती वाळूं द्यावी. ब्लीचिंगचें पाणी वापरल्यास त्यांत संडास धुण्याचें आम्ल किंवा अमोनिया कधींहि मिसळूं नये. त्यांतून विषारी वायु निघतो. बुरशीनें खाल्लेली गादी वा उशी मायेपोटीं ठेवूं नये. रंग अगदीं शेवटीं, आणि तोहि भिंत वाळल्याची खात्री पटल्यावर.

यांतील बहुतेक गोष्टींना पैसा थोडा लागतो. लागतें तें लक्ष. आणि लक्ष जात नाहीं याचें कारण इतकेंच कीं घराच्या खर्चाचा निर्णय करणारीं माणसें त्या खोलींत निजत नाहींत. म्हणून आमची एक साधी सूचना आहे. यंदा दिवाळीपूर्वीं रंगाऱ्याला बोलावण्याच्या आधीं, घरांतील कर्त्या पुरुषानें एक रात्र त्या मागच्या खोलींत निजून पहावें. सकाळीं उठल्यावर रंगारी आधीं बोलवावयाचा कीं गवंडी, हें त्यांना कोणी सांगावें लागणार नाहीं.